सात सह्यांची परवानगी

सातारा, १४ मार्च १९९४

ती. लीलाअक्का,

तुझ्या धाकट्या, हट्टी बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकता येतं मला, काळजी नको.) भावोजींचा गुडघा काय म्हणतो? माधवनगरात पाणी रोज येतं की अजून एक दिवसाआड? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत आणि मी तर जिंकले आहे. काय जिंकले ते वाचून होईपर्यंत हे पत्र भावोजींच्या हाती देऊ नकोस. नंतर खुशाल दे.

झालं असं, की जानेवारीअखेर माझी पाळी चुकली. वय एकोणचाळीस, राणीचं लग्न वैशाखात, आणि मला दिवस गेलेले! तांबी बसवली होती, तिनं दगा दिला. (नर्सबाई म्हणाल्या, शंभरात एखादीचं होतं असं. लॉटरीत मात्र माझा नंबर कधी लागला नाही.) लेकीच्या लग्नात पोट सावरत मिरवायची लाज वाटली, हे खरं. पण त्याहून खरं हे, की मला आणखी मूल नकोच होतं, अक्का. धाकटीच्या वेळी मी कशी मरता मरता वाचले, ते तू पाहिलं आहेस. ह्यांनाही पटलं. म्हणून शासनमान्य केंद्राची पाटी असलेल्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बारा आठवड्यांच्या आत ये, उशीर करशील तर जोखीम वाढेल. खिडकीतल्या माणसानं फॉर्म दिला आणि म्हणाला, मालकांची सही आणा.

इथं घोडं अडलं. आमचे हे पाटबंधारे खात्यात. कागद वरिष्ठांकडे गेल्याशिवाय ह्यांचं पेन चालत नाही, आणि घरातले वरिष्ठ म्हणजे उंब्रजचे थोरले दीर, नाथाजीराव. (घरातला पंखासुद्धा त्यांना विचारून घेतलेला.) "दादाला विचारून येतो," म्हणाले आणि फॉर्म घेऊन शनिवारच्या एसटीनं गेले. नाथाजीरावांनी एकट्यानं जबाबदारी कशाला घ्या म्हणून सगळी भावकी बसवली. एकजण म्हणाला, पाप आहे. दुसरा म्हणाला, पोलीस धरतात. (कायदा होऊन बावीस वर्षं उलटली, पण तो अजून उंब्रजच्या स्टँडवर उतरायचाय.) चुलत दीर धुळा म्हणाला, "आदी मशिनीत बगा की. पोरगं आसलं तर ठिवा, पोरगी आसली तर व्हा मोकळं." हे ह्यांनी मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी इतकी ओरडले की शेजारच्या वहिनींनी, ज्यांच्या घरी फोन आहे, स्वतःचा टीव्ही बंद केला. मी दोन पोरींची आई आहे! पोरगी नको म्हणून नाही, मूलच नको म्हणून चालले होते. सात बाप्यांच्या बैठकीला हे कोण समजावणार? तिकडे चर्चा, इकडे दहावा आठवडा संपत आलेला.

मंगळवारी सकाळी सासूबाईंनी पदर खोचला. "चल गं. त्येंचं मिटायचं न्हाई. म्या येते." खिडकीशी माणूस पुन्हा तेच, मालकांची सही. सासूबाईंचा आवाज तुला ठाऊक आहे. "आवं, मी नऊ येळा बाळत झाले. एकदाबी कुणी सई मागितली न्हाई. आनि आत्ताच मालक कशाला लागतोय?" बाकावरच्या बायका खो-खो हसल्या. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर त्या माणसाला म्हणाल्या, सज्ञान बाईची स्वतःची सही पुरे, नवऱ्याची सही ही दवाखान्यांची सवय आहे, कायद्याची अट नव्हे. अक्का, इतक्या वर्षांत हे मला एकाही माणसानं सांगितलं नव्हतं! मी नवा फॉर्म मागितला, पेन घेतलं आणि सौ. गोदावरी नानासो निकम अशी अख्खी सही ठोकली. खाली रेघसुद्धा ओढली. संध्याकाळी घरी येऊन मऊभात खाल्ला.

शुक्रवारी पुरुषमंडळी कागद घेऊन हजर. "एकमताने परवानगी देण्यात येत आहे." सहा सह्या आणि धुळाचा अंगठा! मी पोह्यांच्या बश्या पुढे ठेवल्या आणि सांगितलं, मंगळवारीच झालं. मग नाथाजीराव हळूच म्हणाले, "मंग ह्या कागदाचं काय करायचं?" सासूबाई म्हणाल्या, "ठिवा जपून. तुमाला दिस गेलं म्हंजी लागंल."

अशी मी जिंकले. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
गोदा

ता. क. ह्यांनी बजावलं आहे, की परवानगी आपणच दिली असं अक्काला कळव. कळवलं.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात, शेकशेगडी मिळते. याच्यानंतर कुणी काही करत नाही. तिसऱ्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते. केलं त्याचं मला दुःख नाही, पण अंग फार थकलं आहे आणि आई असती तर तिच्याकडे गेले असते. आठ दिवसांसाठी मला न्यायला येशील? माधवनगरात कुणी विचारलं, गोदा कशाला आली, तर खरं ते सांग. आणि सांगताना आवाज खाली आणू नकोस.