तळ्याकाठी मुक्काम, पण दुधाचं काय?

रविवार, डिसेंबर

वैताग आलाय नुसता. तळ्याकाठी टेंटमध्ये एक रात्र राहायचं, एवढंच ठरवायला आज सगळं खानदान आमच्याकडे जमलं होतं. आत्याला तिथे कमोड हवा. काकांना जेवल्यावर गादीवरच झोप लागते. यांच्यापेक्षा ऑफिसातले अमेरिकन क्लायंट परवडले!

आणि बाबांचं एकच पालुपद, "सकाळी दुधाचं काय?"

म्हटलं, एक दिवस बंद ठेवू.

"आजवर कधी ठेवलेलं नाही."

शेजारी घेतील की.

"त्यांना कशाला त्रास?"

दूध, दूध, दूध! शेवटी जागा ठरली, बस ठरली. तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "तुम्ही सगळे जाऊन या. मी थांबतो दुधासाठी."

हा सगळा घाट त्यांच्याच पंचाहत्तरीसाठी घातलाय!