गरुडावरचा शिक्का

प्रिय तोर्लेफ,

फोनवर तू विचारलंस, "ताई, बाबांची रायफल आपलीच ना गं? दिवाणखान्यात टांगतोय. नाहीतर लोक म्हणायचे, घरात जर्मन माल!" आणि हसलास.

फोटो पाहिले. होमगार्डच्या शस्त्रागारात उभा जन्म गेला माझा, भिंगसुद्धा लागलं नाही. बाजूला बारीक गरुड आहे, तो जर्मनांचा. पंचेचाळीस साली हरून जाताना ते रायफली इथेच टाकून गेले. वर ठसठशीत 'हॅर' आहे, तो नॉर्वेच्या सैन्याचा शिक्का. तो एकदा मारला आणि रायफल आपली झाली. पुढे कुणी तिला हिणवलं नाही.

माझा बापही त्याच वर्षी त्यांच्याबरोबर निघून गेला, मला आईच्या पोटात टाकून. तुझ्या बाबांनी मला त्यांचं नाव दिलं. तरी शाळेच्या वाटेवर पोरं "जर्मनांचं पिल्लू" म्हणून ओरडायची, आणि तू मुद्दाम मागे मागे चालायचास, ओळख नसल्यासारखा.

आता भांडायचं त्राण नाही रे. हे पत्र शेगडीत जाईल. फोनवर एवढंच सांगेन, टांग खुशाल, आपलीच आहे ती.

तुझीच ना रे,
गुडवेगताई