चाळणीतून न उतरलेलं नाव

सोमवार, ४ सप्टेंबर

सिंचू शहरात उतरल्या उतरल्या वाऱ्यानं माझी टोपी पळवली, ती रस्ता ओलांडून एका वाफाळत्या पावांच्या गाड्यावर जाऊन बसली. गाडीवाल्यानं ती परत दिली आणि वर एक पाव हातात कोंबला. दिवसाची सुरुवात अशी झाली म्हटल्यावर बाकीचं चांगलंच जाणार होतं.

नोकरी कर्नेलवरची. कर्नेल म्हणजे फोनच्या पोटात बसलेला कारभारी, कुणाला किती मेमरी द्यायची ते तो ठरवतो. आमची तुकडी चौघांची. फानदादा प्रमुख, पन्नाशीचे, मृदू आवाजाचे. माझ्या शेजारी शाव तिंग-वेई. मी दक्षिणेकडच्या पिंगतुंगचा म्हटल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला की तिकडे वीज आली का रे अजून. आणि थू ल्यांग-यू, जिला सगळे ताई म्हणतात. तिनंच मला दुपारी शेवयांचं सूप खाऊ घातलं. खानावळीची मालकीण तिला लांबूनच पूर्ण नावानं हाक मारते.

ताईच्या नावातलं शेवटचं अक्षर तिच्या आजोबांनी कुठल्याशा जुन्या पोथीतून शोधून काढलेलं. बहुतेक संगणकांना ते ठाऊकच नाही. बँकेच्या पुस्तकात त्या जागी रिकामा चौकोन छापतात. बँकेत मी दोन अक्षरं आणि एक खिडकी, असं ती म्हणाली आणि स्वतःच खूप हसली. आमच्या चाचणीच्या फोनांत मात्र तिनं ते अक्षर खटपट करून बसवून घेतलंय. आम्ही प्रत्येक जण त्या फोनांत मेमरीची जागा घेतो आणि तिच्यावर आपलं नाव लावतो, सगळ्यांच्या फ्रिजमध्ये आपल्या डब्यावर लावावं तसं. भिंतीवरच्या पडद्यावर त्याची यादी दिसते. ताई म्हणाली, अख्ख्या जगात माझं नाव धड दिसतं ते फक्त या भिंतीवर.

गुरुवार, ७ सप्टेंबर

पहिलं काम मिळालं. जागेला नाव देताना कुणीही काहीही लिहू शकतं, हीच अडचण. शावनं परवा गंमत म्हणून आपल्या जागेला चौकोनी कंसातलं नाव दिलं. तसे कंस फक्त कर्नेलच्या स्वतःच्या जागांना असतात, त्यामुळे फानदादांनी दोन तास भलतीच चूक शोधली. दुसऱ्या कुणाच्या नावात न दिसणारी चिन्हं होती, त्यांनी सगळी यादी वाकडी झाली. तर आता मी चाळणी लिहायची. नावातलं एकेक अक्षर तपासायचं. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि साधी चिन्हं चालतील, कंस नाही, ऐंशीच्या वर अक्षरं नाहीत.

नाव चाळणीत अडकलं तर काय करायचं, हे फानदादांनी माझ्यावर सोडलं. नाव परत पाठवून दुसरं मागता येतं. पण मग जुने प्रोग्राम अडतात. मी ठरवलं, नाव गपचूप गाळायचं आणि जागा बिननावाची ठेवायची. चार ओळींत काम झालं. सुबक दिसतंय.

गुरुवार, १४ सप्टेंबर

चाळणी आज सगळ्या फोनांत गेली. शावनं आणि मी आपापली नावं इंग्रजी अक्षरांत करून घेतली. ताईला म्हटलं, तूही कर. ती म्हणाली, ते माझं नाव नाही रे, माझ्या नावाचा नुसता आवाज आहे. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात तुझ्या नावापुरती सवलत ठेवतो. खरं तर आजही ठेवता आली असती, अर्ध्या तासाचं काम. पण मला लवकर निघायचं होतं.

पडद्यावर तिची ओळ आली. मेमरीचा आकडा होता, नावाच्या जागी काहीच नव्हतं. ताई म्हणाली, चला, इथंही खिडकी.

सोमवार, १८ सप्टेंबर

आज दोन गोष्टी झाल्या, नोंदवून ठेवतो.

सकाळी ताईच्या कार्डानं दार उघडेना. चार वर्षं रोज नमस्कार घालणाऱ्या दारवानानं तिला विचारलं, कुणाला भेटायचंय बाई. आम्हाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. दुपारी खानावळीच्या मालकिणीनं तोंड उघडलं आणि तशीच थांबली. नाव जिभेवर आहे गं, म्हणाली, आणि गोंधळून आत निघून गेली. शावनं ताईला चिडवलं की तुझी उधारी विसरली वाटतं. ताई हसली नाही.

परत आल्यावर फानदादांनी तिला हाक मारली ती "अगं" म्हणून. तीनदा. अगं, अगं, अगं. मी म्हणणार होतो, दादा, तिचं नाव

लिहायला गेलो तर पेन थांबलं. इतका वेळ मी ताई ताई लिहितोय ते नुसतं नातं झालं. नाव आठवत नाही. मागची पानं उघडली. चार तारखेच्या पानावर ते आहे, अक्षरं मला दिसतात. वाचायला गेलं की नजर ओल्या फरशीवरून घसरावी तशी घसरते.

मंगळवार, १९ सप्टेंबर

ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, एकदा माझं नाव घे रे.

मला घेता आलं नाही.

तिनं ओळखपत्र काढून दाखवलं. तीन रिकामे चौकोन. आणि फोटो, तिचाच. काल तिनं माहेरी फोन केला. आईनं विचारलं, कोण बोलतंय. ही म्हणाली, मी. आई म्हणाली, राँग नंबर आहे बाई, आणि फार अदबीनं फोन ठेवला. त्या अदबीचंच तिला जास्त लागलं.

मी तिला म्हटलं, उद्या सकाळी चाळणी काढतो. माझीच चूक आहे, काढतो. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीच मला धीर देत होती.

बुधवार, २० सप्टेंबर

चाळणी काढली. पण बदल फोनांत टाकायला फानदादांची संमती लागते आणि ते म्हणाले, जेवणानंतर बघू, इतकी काय घाई आहे.

साडेबाराला रोजच्यासारखे दुपारच्या डुलकीसाठी दिवे मालवले. सगळे टेबलावर डोकं ठेवून झोपले. ती झोपली नव्हती. अंधुक उजेडात ताठ बसून पडद्याकडे बघत होती. एका फोनावर शावची मोठी चाचणी चालू होती, मेमरी भरत आली होती. मेमरी कमी पडली की बिननावाची जागा आधी मोकळी करायची, हा फानदादांचा जुना नियम. जिला नाव नाही तिच्यासाठी रडणार कोण, असं ते सांगतात.

मी उठलो. दोन पावलं टाकली असतील. पडद्यावरची तिची ओळ गेली.

दिवे लागले तेव्हा तिच्या टेबलावर सणाच्या भेटीची खोकी रचलेली होती. फानदादा म्हणाले, ती तिथंच असतात की नेहमी. मी ओरडलो, ताई कुठंय? शावनं विचारलं, कोण ताई रे? तुकडीत आपण तिघंच ना पहिल्यापासून.

गुरुवार, २१ सप्टेंबर

चाळणी परत आली आहे.

मी स्वतः काढली होती. आज जशीच्या तशी, आणि खाली एक ओळ जास्त. नावात जोडरेघ चालणार नाही. ही ओळ मी लिहिलेली नाही. कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या रकान्यात — काही नाही.

शावच्या नावात जोडरेघ आहे. माझ्याही. फानदादांच्या नाही, त्यांचं इंग्रजी नाव पारपत्रावर सलग लिहिलंय, तेच त्यांनी फोनांतही लावलंय.

पडद्यावर दोन बिननावाच्या ओळी. मी चाळणीतली नवी ओळ खोडली, ती परत. खोडली, परत. शावला म्हटलं, चाचण्या बंद कर. तो म्हणाला, तुला ताप आलाय का, — आणि माझं नाव घ्यायला थांबला. मग उगाच हसला. मीही त्याला

मघाशी लिहिलंय ते. आता वाचता येत नाही.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

साडेबारा ते दीड. मी शेजारच्याचा हात धरून बसलो होतो. धरूनच होतो. दिवे लागले तेव्हा हातात खुर्चीचा दांडा होता.

माझ्या जागेला दुसरी नावं देऊन पाहिली. रेघ काढून — एक मिनिट टिकलं, मग त्यातलं एक अक्षर बंद झालं. ते गाळलं, दुसरं बंद. नुसते आकडे. तेही. चाळणीची भोकं बारीक होत चालली आहेत, माझ्या डोळ्यांदेखत, आणि —

फानदादांनी प्रेमानं विचारलं, पोरा, मुलाखतीला आलायस का? बस, पाणी घे.

आई उद्या येतेय. सोमवारीच कळवलं होतं तिनं. तिला तिकीट रद्द कर म्हणावं तर —

शनिवार, २३ सप्टेंबर

स्टेशन. फलाटावरचं बाकडं.

आई उतरली. पिशवीभर पपनसं. माझ्या समोरून गेली. परत आली. फलाट रिकामा झाला तरी शोधत होती. मी हात केला, तिनं मागं वळून पाहिलं, मी कुणाला हात करतोय म्हणून.

मग माझ्याच शेजारी बसली. म्हणाली, बघ ना बाळ, इतक्या लांब आले आणि कुणाकडे आले तेच आठवेना. वय झालं. ओशाळून हसली. एक पपनस मला दिलं. माझ्याच्यानं आता ओझं नेववत नाही, तू खा, वाळलायस किती. तुझी आई काही म्हणत नाही का?

मी सोललं. तिला अर्धं दिलं. खाल्लं तिनं.

आता डुलकी लागलीय. डोकं माझ्या खांद्यावर. पुढची गाडी दक्षिणेकडची, तिच्यात बसवायला हवं. घरी तरी —

तिकडे कामावर शनिवारच्या चाचण्या सुरू झाल्या असतील. मेमरी —

हात हलका वाटतोय. पेन नीट —

गाडी आली. उठवतो. हाक कशी मारू, आई म्हटलं तर ती घाबरेल, बाई म्हणवत नाही, काय म्ह