पानं कापायच्या दिवशीची गोळी

३ ऑगस्ट, रवि.
सकाळी केळीची पानं कापली. उद्या श्रावणी सोमवार, मागणी भरपूर. विहिरीपासून फाटकापर्यंत येताना दोनदा बसलो. छातीत धडधड, ताल नाही सूर नाही. पाय परत सुजलेत. सुनंदाने अंगठ्याने दाबून पाहिलं, खळगा तसाच राहिला. बायको गप्प बसली की मला जास्त भीती वाटते.
रक्त पातळ करायची गोळी आजही घेतली नाही. पंपाच्या खोलीतल्या डब्यात टाकली. मागे कोयता बोटाला जरासा लागला तर रक्त थांबेना, थेंब पानांवर. ज्यावर देवाचा नैवेद्य वाढायचा ती पानं! अख्खा भारा खड्ड्यात फेकला. तेव्हापासून पानं कापायच्या दिवशी गोळीला सुट्टी. एका गोळीने काय होतंय.

७ ऑगस्ट, गुरु.
डॉक्टरांकडे. हृदयाचं पंपिंग आणखी उतरलंय. म्हणाले, "आधीच दमलेलं हृदय, त्यात हे बेताल ठोके. औषधाने आवरत नाहीत. मांडीच्या शिरेतून तार नेऊन ठोके बिघडवणारी जागा डागू. जमलं तर पंपिंगही सुधारेल. खात्री देत नाही." म्हटलं, बैलाला डागतात तसं? हसले. मग एकदम गंभीर. पातळ गोळी एकही चुकवायची नाही. हृदयात गुठळी झाली, सुटून मेंदूत गेली, तर अर्धांग.
तारीख १९. मी मान डोलावली. दरदरून घाम. सुनंदाला वाटलं उकाड्याने.

१० ऑगस्ट, रवि.
गोळी घेतली. पानं कापली नाहीत. पानं नेणारा निर्मळ गावचा फुलवाला फोनवर ओरडला. ओरडू दे.
मागच्या चुकलेल्यांचं काय…

१३ ऑगस्ट, बुध.
हॉस्पिटलातून नर्सचा फोन. "काका, लास्ट तीन आठवड्यांत गोळी मिस नाही ना झाली?" स्पीकर चालू. सुनंदा समोर भाजी निवडत होती. माझ्या आधी तीच बोलली, "एक पन नाय. मी सोता डबीत भरून देते." किती तोऱ्यात बोलली! मी नुसतं "हो" म्हटलं.
खरं सांगितलं तर तारीख पुढे जाईल. आत्ताच आडवं झालं की धाप लागते, झोपायला तीन उशा लागतात. नाही सांगितलं तर… लाज वाटते. भीती त्याहून जास्त.

१५ ऑगस्ट, शुक्र.
दिवसभर तिच्यावर खेकसलो. चहा गार, आमटी खारट. दोन्ही खोटं.

१६ ऑगस्ट, शनि.
जेवण झाल्यावर पंपाच्या खोलीतला डबा आणून तिच्यापुढे ठेवला. झाकण उघडून बघतच राहिली. सगळं सांगितलं. वाटलं, आता डबा डोक्यात घालणार.
"पानांवर रगत पडतं म्हनून?" मग झाकण लावत, "मला सांगायचं ना. पानं मी कापली असती."
एवढं साधं मला का सुचलं नाही? कोयता हातातून सोडायची लाज, दुसरं काय. नर्सला तिनेच फोन लावला. डॉक्टरांचा निरोप आला: गोळी चालू ठेवा, ठरल्या दिवशी या, आधी घशातून नळी घालून गुठळी आहे का बघू.

१९ ऑगस्ट, मंगळ.
हॉस्पिटल. मागून उघडा झगा अंगावर. गुठळी नसेल तर आजच डागणार. असेल तर घरी, गोळ्या आणि परत वाट. तोवर हे हृदय किती ओढेल, डॉक्टरांना विचारलं नाही.
सुनंदाच्या बोटाला चिंधी. रविवारी सगळी पानं तिनेच कापली. डॉक्टरांना विचारून सकाळची गोळी माझ्या जिभेवर तिनेच ठेवली. "आ करा." दोन घोट पाणी दिलं, गिळेपर्यंत बघत उभी. परत "आ करा." जिभेखालीसुद्धा पाहिलं. मुकाट केलं.
नाव पुकारलं. ती म्हणतेय, "आत काय बी दिसू दे. भाएर आल्यावर मला खरं सांगायचं."
हो म्हटलं. वही तिच्याकडे देतोय.