सुकुमारचं घड्याळ

३ जानेवारी, सकाळी ७
फायर स्टेशनच्या हजेरीला रोजच्यासारखी एकेकाची तब्येत विचारली. हंबीरराव ड्रायव्हरची कंबर? तशीच. धैर्यशीलचा भाजलेला हात? सुकतोय. बायकोचे, राजेश्वरीचे गुडघे घरीच विचारून आलो. माझी कुणी विचारली नाही. दिसतंयच ना.
चुकून सुकुमारचीही विचारली. हंबीररावांनी हजेरीचं पान उलटलं. दसऱ्याला हळदीच्या गोदामाची आग विझवून आला, बंबाच्या पायरीवर बसून चहा मागितला, चहा येईस्तोवर गेला. हार्ट.

४ जानेवारी
त्रिशलावहिनींनी सुकुमारचं घड्याळ मला दिलं. म्हणाल्या, भावजी, ह्यांच्या दोस्ताच्या हातात चालू ऱ्हाऊ दे. सिमकार्डवालं, काळजाचे ठोके मोजणारं. लेकीनं, कीर्तीनं घेऊन दिलेलं.
संकल्प: २५ला फिटनेस टेस्ट. होजची नळी खांद्यावर, सरावाच्या टॉवरचे तीन मजले. नापास झालो तर बंबावरून खाली, फोनच्या टेबलावर. मेमध्ये रिटायर होणार तो बंबावरूनच. रोज पळणार. भजी बंद.

५ जानेवारी
कृष्णेच्या पुलापर्यंत पळालो. परत रिक्षानं, बूट नवीन म्हणून. घड्याळ थरथरलं: सुकुमार, ठोके जास्त आहेत. बिचाऱ्याला अजून त्याचीच सवय. भजी दोनच.

९ जानेवारी
उसाच्या फडाला आग. छातीत दाबल्यासारखं झालं. पित्त. सोडा प्यालो. हंबीरराव म्हणाले, लालासाहेब, घाम लय आलाय. म्हटलं, आगीपाशी काय थंडी वाजणार व्हय? ते म्हणाले, सुकुमारबी असंच म्हणायचा.
हंबीररावांशी तब्येतीचा विषय बंद.

१५ जानेवारी
टॉवरवर सराव. होजचं मागचं टोक कायम सुकुमार धरायचा. दुसऱ्या मजल्यावर मागून धाप ऐकू आली. वळून बघितलं नाही. धाप माझी नव्हती, एवढं नक्की.
खाली आलो तर वहिनींचा फोन. भावजी, आत्ता काय करत होता? टॉवर चढत होतो, म्हटलं. बरं, म्हणाल्या आणि फोन ठेवला. आठवड्यातला तिसरा फोन. माणूस एकटं पडलं की असं होतं. जाऊन यायला पाहिजे.

२३ जानेवारी
वहिनीच स्टेशनवर आल्या. हातात मोबाईल. घड्याळ अजून त्यालाच जोडलेलं. तीन आठवडे सुकुमारच्या नावापुढं माझे ठोके बघत होत्या. म्हणाल्या, कीर्ती बंद करते म्हणाली, मीच नको म्हटलं. ह्यांचं नाव हाय, खाली ठोका चालू हाय, बघत बसायची. पण भावजी, जायच्या आधी आठवडाभर ह्यांचेबी असलेच आकडे व्हते. तवा मी बोलले न्हाई.
मी म्हटलं, पित्त हाय. त्या म्हणाल्या, हेबी पित्तच म्हणायचे. हंबीररावांनी न विचारता जीप काढली.

२५ जानेवारी, मिरज, दवाखाना
टेस्टचा दिवस. पित्त नव्हतं. काळजाच्या दोन नळ्या तुंबल्यात, आज मोकळ्या करणार. जन्मभर पाण्याच्या नळ्या सांभाळल्या, ह्या राहिल्या. फोनच्या टेबलावरची खुर्ची पुसून ठेवलीय म्हणे.
आत नेताना घड्याळ काढायला सांगितलंय. वहिनींना मेसेज केला: वहिनी, मी घड्याळ काढणार आहे. मोबाईलवर सुकुमारचा ठोका बंद दिसेल. घाबरू नका. तो मी आहे आणि मी चालू आहे. वाचलं की लगेच दोन ओळी लिहा. तोवर काढत नाही.