हलकासा टच

१ मार्च. सकाळी.
आजपासून रोज लिहायचं. पुढे कुणी विचारलं, एवढे वर कसे आलात, तर तारखेसकट सांगता यावं.
फर्निचरच्या कारखान्यात झाडूवरून थेट पॉलिशखात्यात घेतलं. मालक म्हणाले, महिनाभर बघतो. जमलं तर कायम, नाही तर बघू. 'बघू' म्हणजे काय ते विचारलं नाही. ती वेळच येणार नाही.
ताईला फोन. फिनिशिंगचा हेड झालो म्हणून सांगून टाकलं. होणारच आहे, मग दोनदा फोन कशाला. ती म्हणाली, आता मोठा झालास तरी टचमध्ये राहा रे बाबा. मागून दाजी म्हणाले, एवढं मोठं खातं आणि याच्या हाताखाली कोण, झाडू? दाजींचा स्वभावच तसा.

४ मार्च.
खात्यात मी आणि मिस्त्री. मिस्त्री बोलून शिकवत नाहीत. ते करतात, आपण बघायचं. आज टच-अप बघितलं. ओरखड्यात गरम मेण भरायचं, वरून रंगाचा हलका हात. मिस्त्रींनी बुजवलेला ओरखडा शोधून सापडत नाही. मी बुजवलेला लांबून दिसतो. म्हणजे माझ्या कामाला ओळख आहे.
लांबू माझ्याच खोलीत राहतो, पॅकिंगला आहे. म्हणाला, मिस्त्रींच्या हाताला टच आहे. मी विचारलं, आणि माझ्या? म्हणाला, तुझ्या जरा जास्तच आहे. बरं वाटलं.

७ मार्च.
मिस्त्रींचा नियम: ओल्या पॉलिशला बोट लावायचं नाही. वाळलं का, ते नाकाने बघायचं. वास गेला की वाळलं.
हे सायन्सला धरून नाही. माणसाला सर्दी झाली तर काय?
आज कपाटाच्या दारावर बोट टेकवून खात्री केली. ओलं होतं. म्हणजे माझी शंका बरोबर निघाली. पण इथे खऱ्याची किंमत नाही. अख्खं दार परत घासायला लावलं.
संकल्प: उद्यापासून हात खिशात.

८ मार्च.
खिशाला पॉलिश लागलं.

१७ मार्च.
मोठी ऑर्डर आली. दहा माणसांचं जेवणाचं टेबल. मालक म्हणाले, पॉलिशचा शेवटचा कोट तू मार. त्यावर तुझं ठरवतो.
लांबू म्हणाला, नीट कर, नाहीतर बोचकं बांधायला लागेल आणि ते पॅकिंग मी फुकट करणार नाही. जळतो बिचारा.
ताईला कळवलं की सगळ्यात मोठं टेबल माझ्याकडेच दिलंय. ती म्हणाली, आईने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलंय.

२१ मार्च. दुपारी.
कोट मारला. पाणी साचल्यासारखं दिसतंय टेबल. मिस्त्रींनी खाली वाकून तिरप्या उजेडात बघितलं. नुसती मान डोलावली. मला भरून आलं. ऑफिसातल्या मॅडम सिरियल बघून म्हणतात ना, मनाला टच झालं, तसं झालं.
पाटी लिहून लावली: कोणीही टच करू नये.

त्याच दिवशी. संध्याकाळी.
लांबू चहाला बोलवायला दारात आला. टेबल बघून म्हणाला, सुटलास लेका, कायम झालास समज. असं कुणी बोललं की मालक टचवूड म्हणतात आणि लाकडाला हात लावतात. नजर लागत नाही म्हणे. मीही म्हणालो.
जवळचं लाकूड तेच होतं.
हलकाच लावला.

२२ मार्च.
टेबलाच्या मधोमध अंगठा उमटलाय. कारण पॉलिशच हलक्या प्रतीचं.
घाबरलो नाही. टच-अप येतं मला. अंगठा घालवला. तिथे बशीएवढा डाग झाला. डाग आजूबाजूला मिसळून घेतला, तर ताटाएवढा. मग शेवटचा फिनिशिंग टच दिला. आता डाग असा राहिला नाहीच. टेबलाचा एक भाग एका रंगाचा आहे आणि दुसरा दुसऱ्या.
मिस्त्री आले. टेबल बघितलं. मग माझा हात मागितला आणि अंगठा उजेडात धरून बराच वेळ बघत बसले. भविष्य बघत असावेत. काही चांगलं दिसलं नसावं.
लांबूने विचारलं, पाटी तूच लावली होतीस ना? म्हटलं, पाटी बाहेरच्यांसाठी असते.

२३ मार्च. रविवार.
सुट्टी असून मिस्त्री आले. उद्या टेबल जायचंय. सगळा वरचा भाग घासून नवा कोट मारला. मला दाराबाहेर स्टुलावर बसवलं. म्हणाले, आत कुणाला सोडू नकोस, आणि सुरुवात स्वतःपासून कर.
माझ्यावर त्यांचा विश्वास आहे. दाराची कडी मात्र आतून लावली.

२४ मार्च.
टेबल गेलं. गिऱ्हाईक खूश. मालकांनी मिस्त्रींची पाठ थोपटली. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. श्रेय वाटून घेण्याची त्यांची ती पद्धत असेल. संकल्प: महिना संपेपर्यंत लाकडापासून लांब राहायचं.

३१ मार्च. सकाळी.
नवा शर्ट घातला. मालकांनी अकराला बोलावलंय.

त्याच दिवशी. रात्री जेवणाआधी.
मालक म्हणाले, खरं तर तुला परत घरी पाठवणार होतो. पण मिस्त्री म्हणाले, पोरगं आळशी नाही, फक्त त्याला पॉलिशपासून तोडा. म्हणून पॅकिंगला टाकलं, लांबूच्या हाताखाली.
बढतीच म्हणायची. पॉलिशवाल्याला हातमोज्यांचा एक जोड मिळतो, मला दोन दिले. दिवसभर घालायचे, मालाजवळ असताना काढायचे नाहीत, अशी मालकांची खास ऑर्डर आहे. इतरांना अशी नाही.
दुपारी ताईचा फोन आला. कायम झालास का, हेच विचारणार होती. हातमोज्यातलं बोट फोनच्या टचला कळत नाही. घासून बघितलं, दाबून बघितलं. वाजत राहिला.
लांबू म्हणाला, अरे काढ की ते मिनिटभर.
म्हटलं, नियम म्हणजे नियम.