एका गुणानं

बोर्ली पंचतन,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

प्रिय किशोरी,
सप्रेम जय भीम.

तू, भावोजी आणि मुली खुशाल असाल. इकडं सगळं ठीक. तुझ्या आईचा, वेणूबाई काकींचा, खोकला आता कमी आहे. माझी अंगणवाडी चालू आहे. तुझा पालीचा पत्ता काकींनीच दिला. अठरा वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र फाडू नकोस, आधी बातमी वाच.

आपला रमाई संघ जिंकला!

खरंच गं. काल तालुक्याची महिला कबड्डीची फायनल होती. सत्तावीस-सव्वीस. आपण खेळायचो तेव्हापासून एक चषक नाही. आता मी संघाला शिकवते, तरी तेच. वाडीतली माणसं पोरींना 'आल्या तशा गेल्या' म्हणायची. मागच्या वर्षी तर मंडपवाल्यानं पहिल्या सामन्याआधीच विचारलं, "बाई, जेवायला थांबणार का निघणार?"

काल शेवटची चढाई समोरच्यांची होती. गुण सारखे, आमच्या चौघीच मैदानात. त्यांची उंच पोरगी आत आली, एकीला हात लावला आणि वळली. दिपालीनं खाली झेप घेऊन तिचा घोटा धरला. ही दिपाली सहा वर्षं राखीव बसलेली, नावसुद्धा कुणाला माहीत नाही. ती पोरगी हिला फरफटत रेषेकडं निघाली. मग बाकीच्या तिघी अंगावर पडल्या. धुरळ्यात काही दिसेना. शिट्टी झाली तेव्हा त्या उंच पोरीची बोटं मध्यरेषेपासून वीतभर मागं होती.

पोरी नाचत होत्या, मी मातीत बसून राहिले. वाटलं, सुटले एकदाची.

इतकंच लिहून पत्र बंद करणार होते. पण दिपाली मैदानात आली कशी, ते राहिलं.

आमची खरी चढाईची पोरगी प्राप्ती. वीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करते. सकाळी सेमीफायनलला तिचा गुडघा मुरगळला. दुपारी मी पट्टी घेऊन गेले तर म्हणाली, "ताई, मी न्हाय उतरणार. पाय जागेवर न्हाय."

मी काय म्हणाले असेन? "आयत्या वेळी नाटक करू नको."

तोंडातून निघालं आणि माझंच मला ऐकू आलं. तरीही थांबले नाही, किशोरी. पट्टी उलगडत तिच्यापुढं बसले. इतक्या वर्षांनी फायनल आली होती, मला दुसरं काही दिसत नव्हतं.

तिनं पाय मागं घेतला. "रागवा तुम्ही. पन गुडघा माझा हाय."

मी चिडून दिपालीला उतरवलं. आपण हरणार हे धरूनच.

तूही मला सांगितलं होतंस. अठरा वर्षांपूर्वी त्या फायनलला मंडपामागं माझा हात धरून म्हणालीस, "जयमाला, पाय सरकतोय." मी कर्णधार होते. हेच नाटक-बिटक बोलून तुझी ओढणी फाडून गुडघ्याला आवळली. तिसऱ्या चढाईला तू पडलीस ती उठलीच नाहीस. पोलीस भरतीची तुझी तारीख पुढच्या महिन्यात होती.

आणि सगळ्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "तिनं मला सांगितलंच नाही."

तुझे बाबा, बुधाजी काका, जाईपर्यंत म्हणत राहिले, पोरीनं हट्टानं पाय मोडून घेतला. मी त्यांच्यासमोर बसून चहा प्यायले आहे, किती वेळा. तू कधी काही बोलली नाहीस. फक्त माझ्याशी बोलणं थांबवलंस.

आज सकाळी विहारात पोरींचा सत्कार झाला. मला बोलायला उभं केलं. चषक हातात होता. तो खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही आणि वर खोटं बोलले. काकी पहिल्या ओळीत होत्या. नंतर माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणाल्या, "ह्ये किशोरीच्या बापाच्या कानावर पडाय पायजे व्हतं."

एवढंच. जरा वेळानं परत येऊन पत्त्याचा कागद माझ्या हातात दिला. "पत्र लिव. फोन नको करू. फोनवर तू रडशील आन ती ठेवून देईल."

काका आता ऐकणार नाहीत, ते ओझं माझ्याकडंच राहील. पण वाडीत आता कुणी तुला हट्टी म्हणणार नाही. आज रात्री प्राप्तीच्या घरी जाऊन तिची माफी मागितली. ती हसली, म्हणाली, "ताई, जिंकलो ना? मग बसा, जेवा." भाकरी चांगली लागली गं. किती दिवसांनी अन्नाला चव होती.

मला माफ कर असं लिहिणार नाही. ते मागायलाही मी उशीर केला. पण मी पालीला यायचं की नाही, ते तू सांग. 'नको येऊस' एवढं जरी लिहिलंस, तरी या वेळी तुझं ऐकेन.

एके काळची तुझी,
जयमाला